पिचवर लाल झेंडी

अठ्ठावीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो, पण माझ्या हातून कधी एक चूक झाली नाही. हे मी आमच्या गावात, चरोद्यात, भेटेल त्याला सांगतो. म्हणूनच माझा साडू केवलराम रडवेला होऊन आला, तेव्हा मी म्हणालो, "मी हाओ ना!"

केवलराम मरोद्याच्या क्रिकेट मैदानावर पिच राखतो. कॉलेजांच्या फुटबॉल फायनलच्या मैदानावर ऐनवेळी कुणाच्या लग्नाचा मंडप उभा राहिला आणि सामना त्याच्या मैदानात आला. फुटबॉलची रेषा पिचच्या काठापासून जेमतेम दोन हात.

"दौलतराव, सोमवारी साहेब पिच पाहाले येऊन राहिले. आजच पाणी मारलं, लोण्यावानी नरम हाय. एक बूट पडला तं माहं काम गेलं."

"एक बी पडू देत नाही. माहा शब्द हाय."

नोकरीतल्या जुन्या पेटीतून लाल-हिरवी झेंडी आणि शिट्टी काढून मी पिच आणि रेषेच्या मधोमध उभा राहिलो. फायनलमध्ये माझा पोरगा पीयूष खेळत होता, पण मी पाहिले फक्त बूट. बॉल बाहेर आला की मी आडवा व्हायचो. फेकायला येणाऱ्या पोराचा दंडच धरून ठेवायचो.

"काका, फेंकने तो दो," एक कळवळला.

शेवटचं मिनिट, शून्य-शून्य. पीयूष बॉल घेऊन आमच्याच बाजूनं सुटला. त्यांचा गोलकीपर पार पुढे आलेला, मागे गोल मोकळा. सारं मैदान उठून उभं राहिलं. मला दिसले त्याच्या बुटाचे खिळे. कुणाचा तरी धक्का लागला, तो पिचकडे कलंडला, आणि माझा हात आपोआप वर गेला. लाल झेंडी! शिट्टी!

सगळे थांबले. पीयूषही. गोलकीपरनं शांतपणे येऊन बॉल उचलला.

"सीटी किसने बजाई?" रेफरी ओरडला.

पीयूषनं झेंडी पाहिली, मग मला. "बाबा?" एवढंच म्हणाला.

तेवढ्यात त्याच्या कॉलेजची पोरं पायऱ्यांवरून खाली धावली. मी झेंडी टाकून पळालो. भ्यालेला माणूस जवळचा रस्ता धरतो. अर्ध्यात आल्यावर पायाखाली फार नरम लागलं.

"दौलतराव, उतरा खाली!" म्हणत केवलराम माझ्या मागे पिचवर. पोरं मात्र लाल झेंडीपाशी थांबली. शिस्तीची पोरं.

पिचवर पावलं उमटली ती दोघांचीच. पन्नाशी ओलांडलेल्या, न खेळणाऱ्या.

पेनल्टीत पीयूषचं कॉलेज हरलं. तो तेव्हापासून माझ्याशी आईमार्फत बोलतो.

रविवारी सकाळपासून मी पिचचा रोलर ओढतो आहे. सोमवारच्या आत पिच सपाट व्हायला हवं. केवलराम मागे खुर्ची टाकून बसलाय. हातात माझी हिरवी झेंडी, तोंडात माझी शिट्टी.

अठ्ठावीस वर्षं मी मागे बसून झेंडी दाखवली. पुढे इंजिनाचे काय हाल होतात, हे कधी विचारलंच नव्हतं.