देवाप्पाची दाढी

कागदी पुडीतलं एक कोरं पातं.

निपाणीतल्या बाजाराचा गुरुवार.

वखारीच्या कारकुनाचा अर्धाच गाल.

शालूबाईने डबा ठेवता ठेवता टाकलेलं वाक्य : "जरा देवाप्पा भावजींचं बघा."

यातलं शेवटचं आधी सांगायला हवं, कारण मष्णूच्या पोटात दुखायला बायकोच्या या वाक्यापासूनच सुरुवात झाली. साल एकोणनव्वद. मष्णू आणि देवाप्पा दोघेही न्हावी, दुकानं समोरासमोर. तंबाखूच्या वखारीत डॉक्टरीणबाईंनी एड्सवर भाषण दिलं, तेव्हा मष्णू मागे बसून पेंगला. देवाप्पाने पुढे बसून प्रश्न विचारला. बाईंनी चारचौघांत त्याची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारावर कागद, मराठीत आणि खाली कानडीत : दर माणशी नवं पातं. त्याच दुपारी शालूबाईचं ते वाक्य.

आठवड्यात मष्णूची गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली. जाताना रामराम घालून गेली, हे जास्त झोंबलं. आपल्याच आरशात त्याला रिकामी खुर्ची दिसे आणि तिच्यामागे देवाप्पाकडची गर्दी. त्याने आरसा तिरका केला, तर त्यात डबा घेऊन येणारी बायको दिसायला लागली.

मष्णू खोटं काहीच बोलला नाही. तंबाखूच्या वखारीतला कारकून आण्णाप्पा तेवढा टिकून होता. शालूबाई डबा सोडत असताना त्याच्या गालावर तुरटी फिरवत मष्णूने फक्त विचारलं, "कुणाला तरी झाल्याबिगर कोण दर माणशी पातं घालवंल का, आण्णा?"

शनिवारी ते देवाप्पाच्या एका गिऱ्हाइकाला झालं होतं. सोमवारी बिड्या वळणाऱ्या बायकांत ते त्याच्या पाहुण्याला झालं. गुरुवारी बाजाराला आलेल्या खेड्यापाड्यांनी ते देवाप्पालाच करून टाकलं. त्याचा टॉवेल घेऊ नका, बाकावर टेकू नका, तिथलं वर्तमानपत्रसुद्धा वाचू नका. गर्दी रस्ता ओलांडून परत आली. मष्णूने आरसा सरळ केला.

पहिला नंबर आण्णाप्पाचा. एक गाल झाला आणि त्याला सुचलं.

"मष्णू, न्हाव्याची दाढी कोण करतो रं?"

"दुसरा न्हावी."

"मग देवाप्पाची?"

दर सुट्टीला हे दोघे एकमेकांची दाढी करत आले होते, वीस वर्षं. मष्णू सवयीने म्हणाला, "मीच की."

"ह्याच वस्तऱ्यानं?"

आण्णाप्पा फेसासकट उठला. अर्ध्या दाढीने भर बाजारातून गेला आणि जो कारण विचारेल त्याला थांबून सांगत गेला.

आठ दिवस निपाणीत दाढ्या वाढल्या. दोन्ही दुकानांत माश्या. बिड्या वळायला बसलेल्या बायकांनी त्यांच्यातच बसणाऱ्या शालूबाईपासून आपापली सुपं लांब ओढली. घरात चूल कशी पेटवायची हा प्रश्न आला, तेव्हा मष्णू डॉक्टरीणबाईंना बोलवायला निघाला. देवाप्पा आधीच जाऊन आला होता.

गुरुवारी बाई बाजाराच्या मधोमध उभ्या राहिल्या. हात लावल्याने, बोलल्याने, टॉवेलने काही होत नाही, असं त्यांनी तीनदा सांगितलं. उद्या खरंच कुणाला एड्स झाला, तरी त्याला वाळीत टाकायचं कारण नाही, हेही सांगितलं. लोक ऐकत होते, पण चार हात लांबून. मग देवाप्पाने आपली खुर्ची रस्त्यावर आणली, बसला, मान वर केली आणि कोऱ्या पात्याची पुडी मष्णूकडे धरली.

"कर. बघू दे सगळ्यास्नी."

मष्णूने पातं चढवलं. फेस केला. वस्तरा कंठाशी आला तेव्हा त्याला राहवेना. खाली वाकून त्याने हळूच विचारलं, "हे पैल्यांदा कोण बोललं, कळलं का रं?"

"कामाकडं बघ," देवाप्पा म्हणाला. "गळा हाय."

दाढी झाली. बाईंनी देवाप्पाचा गाल आपल्या हाताने चाचपून दाखवला. लोक पुढे सरकले आणि रांग लागली, देवाप्पाच्या दाराशी. मष्णूच्या पोटात पुन्हा तिथेच दुखलं.

आण्णाप्पापाशी मष्णू काय बोलला, ते शालूबाईने देवाप्पाला त्या डब्याच्याच दिवशी संध्याकाळी सांगितलं होतं.