ओल्या चादरी

आपली कुत्री टॅन्सी लठ्ठ होत चालली आहे असं क्लिफर्ड मेटकाफला वाटत होतं आणि त्याचा दोष तो बिस्किटांना देत होता. त्यामुळे त्या रविवारी प्रार्थनेहून परतल्यावर जिन्याखालच्या कपाटात, त्याच्या चांगल्या बुटांच्या जोडावर, पाच पिल्लं वळवळताना दिसली तेव्हा त्यानं आधी डोक्यावरची टोपी काढली आणि मग मटकन खाली बसला. टॅन्सीनं त्याच्याकडे बघून शेपटी एकदाच आपटली.

"अगं, कुणाची ही?" त्यानं विचारलं.

विचारायची गरज नव्हती. प्रत्येक पिल्लाच्या डाव्या डोळ्याभोवती काळा डाग होता, आणि तसा डाग वरच्या शेतावरच्या डिन्सडेलच्या मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यालाच होता. मागच्या कुंपणाची निखळलेली फळी क्लिफर्ड हिवाळाभर 'उद्या ठोकू' म्हणत आला होता. डिन्सडेलच्या कुत्र्यानं उद्याची वाट पाहिली नव्हती.

पिल्लं गोड होती, पण प्रकरण गोड नव्हतं. ओव्हरबेक गावातली ही घरांची रांग एका धर्मादाय ट्रस्टची, जवळ कोणी नसलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. नियम असा की एका घरात एकच प्राणी. टोकाच्या घरातल्या म्हातारीकडे दुसरं मांजर सापडलं, तेव्हा ट्रस्टचे चिटणीस होल्रॉइडसाहेब येऊन दोन्ही मांजरं घेऊन गेले. एक ठेवायला हरकत नव्हती, पण साहेबांचं म्हणणं, नियम मोडणाऱ्याला कसली आलीय सवलत! इथे तर एकाची सहा झाली होती. सापडलं तर टॅन्सीही जाणार. आणि त्याची बायको एनिड गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, क्लिफर्ड या घरात बोलत होता ते फक्त टॅन्सीशी.

संध्याकाळी न्यूझीलंडहून हेझलचा, त्याच्या लेकीचा, फोन आला. ती तिकडे जनावरांच्या डॉक्टरकडे कामाला होती.

"बाबा, आधी एक पेटी करा. आत चारी बाजूंनी दांडी ठोका, नाहीतर ती पिल्लांना भिंतीशी चेंगरेल. आणि मुख्य म्हणजे खाली काय अंथरता ते बघा. मऊ हवं, पण चुरगळणारं नको. पाणी शोषणारं हवं, पण घसरडं नको. ऊबदार हवं, पण..."

"हेझल, मी आयुष्यभर बस चालवली आहे गं."

"म्हणूनच सांगतेय. आणि रोज बदला. दिवसातून चारदा बदला!"

पेटी झाली. एनिडच्या जुन्या कपाटाच्या फळ्या कामी आल्या. अंथरुणाचं मात्र जमेना. पहिल्यांदा वर्तमानपत्रं घातली. पिल्लांचे पाय त्यावरून चारी दिशांना फाकायचे, आणि दोन दिवसांत सगळी कोळशाच्या खाणीतून पाळी संपवून आल्यासारखी दिसायला लागली. एकाच्या पोटावर तर शर्यतीच्या घोड्यांची नावं उमटली, तीही उलटी. मग टॉवेल घातले. टॉवेलच्या धाग्यांत नखं अडकून पिल्लं जागच्या जागी किंचाळायला लागली. डिन्सडेलकडून आणलेल्या लाकडाच्या भुशानं सगळ्यांना शिंका आल्या, त्यात क्लिफर्डही आला. लोकरीचं ब्लँकेट घातलं, तर टॅन्सीनं ते उकरून उकरून त्याचा डोंगर केला. पिल्लं मोजली तर चारच भरली. पाचवं ब्लँकेटच्या घडीत सापडेपर्यंत क्लिफर्डच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

शेवटी तो शिडी लावून कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत गेला. तिथे एनिडच्या डबल बेडच्या सुती चादरी होत्या, तिनंच इस्त्री करून ठेवलेल्या. चार वर्षांत त्यांना हात लावायचा धीर त्याला झाला नव्हता. तो अजूनही पलंगाच्या आपल्याच बाजूला झोपायचा. त्यानं एक चादर काढली, तिच्यात थोडा वेळ तोंड खुपसून उभा राहिला, आणि मग पेटीत ताणून चारी कडा फळीखाली दाबल्या. पिल्लं घसरली नाहीत, अडकली नाहीत, हरवली नाहीत. फक्त तासाभरात चादर चिंब ओली झाली.

आता ओव्हरबेकमध्ये कपडे सोमवारी धुतात. मंगळवारी दोरी भरलेली दिसली तर घरी पाहुणे आलेले असतात, बुधवारी दिसली तर कोणीतरी आजारी असतं. रविवारी कपडे वाळत घालणारं माणूस त्या गावात अजून जन्माला यायचं होतं. क्लिफर्डच्या परसात मात्र रोज दोन चादरी फडफडू लागल्या, रविवारीही, ऐन प्रार्थनेच्या वेळी.

शेजारच्या सग्डनबाई कुंपणाशी आल्या. बाई विधवा, बोलायला मोजक्या, आणि चार वर्षं त्यांचं आणि क्लिफर्डचं बोलणं हवामानापलीकडे गेलेलं नव्हतं.

"हवा बरी आहे, मिस्टर मेटकाफ."

"बरी आहे."

"चादरी वाळतील."

"वाळतील की."

सग्डनबाई जरा घुटमळल्या. "दोन्ही तुमच्याच?"

"माझ्याच. घरात दुसरं आहे कोण?" क्लिफर्ड घाईघाईनं म्हणाला. चोराच्या मनात चांदणं.

"आमच्या ह्यांच्या शेवटच्या वर्षात माझ्याही दोरीवर रोज चादरी असायच्या," बाई म्हणाल्या. "त्यात लाजण्यासारखं काही नसतं."

त्यांना नवऱ्याची आठवण आली असावी असं क्लिफर्डला वाटलं. "फार चांगला माणूस होता," तो म्हणाला.

"संध्याकाळी सहानंतर चहा घेऊ नका," सग्डनबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मटणाचं सारण भरून भाजलेला मीट-पाय घेऊन आल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या मिस पिकल्स केक घेऊन आल्या आणि जाताना त्याचा हात दाबून म्हणाल्या, "धीर सोडू नका." पाद्री येऊन गेला. टोकाच्या घरातली म्हातारी, जिची मांजरं गेली होती, तीसुद्धा जवाचं पाणी घेऊन आली. "मूत्राशयाला थंड पडतं," असं काहीतरी पुटपुटली. क्लिफर्डला काही उलगडा होईना. एनिड गेली तेव्हा माणसं आठवडाभर आली होती आणि नंतर जी थांबली ती थांबलीच. आता एकाएकी दार वाजायला लागलं होतं. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडत होतं. तो रोज दाढी करायला लागला. दोन कप आधीच मांडून ठेवायला लागला. फक्त मागच्या खोलीचं दार घट्ट लावून घ्यायचा, आणि पिल्लांनी कुंईकुंई केली की मोठ्यानं खोकायचा. त्यामुळे लोकांना त्याच्या छातीचीही काळजी वाटू लागली.

मग एका सकाळी दारात, तपकिरी कागदात गुंडाळलेली, रबराची एक चादर सापडली. देणाऱ्याचं नाव नव्हतं. 'देव पावला,' असं म्हणून क्लिफर्डनं ती पेटीत अंथरली. पिल्लं तिच्यावरून गोठलेल्या तळ्यावरून घसरावीत तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि गारठून रडायला लागली. त्यानं ती लगेच काढली, स्वच्छ धुतली आणि दोरीवर मधोमध वाळत घातली.

तोवर जे रांगेत कुजबुजत बोललं जात होतं, त्याला आता पुरावा मिळाला.

होल्रॉइडसाहेब आले ते सग्डनबाईंना सोबत घेऊन. बाई खुर्चीच्या कडेला बसल्या आणि जमिनीकडे बघत राहिल्या. साहेब उभेच होते.

"मेटकाफ, ट्रस्टच्या कानावर आलंय."

क्लिफर्डचा चेहरा उतरला. "मी समजावून सांगतो, साहेब."

"काही गरज नाही. वयाप्रमाणे होतं हे. स्किप्टनच्या वृद्धाश्रमात तळमजल्यावर एक जागा रिकामी आहे. तिथे सगळ्या गाद्यांना रबरी खोळी असतात. रात्री दोनदा उठवून नेतात. फार प्रेमळ बायका आहेत."

क्लिफर्ड बघतच राहिला. दोऱ्या, चादरी, जवाचं पाणी, सहानंतरचा चहा, सगळं त्याच्या डोक्यात एकदम जागेवर बसलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"म्हणजे तुम्हाला वाटतं, मी..."

"तुम्ही नसाल तर मग कुत्री," होल्रॉइडसाहेब म्हणाले. "रोज दोन चादरी भिजवते म्हणजे एक तर आजारी असणार, नाहीतर एकटी नसणार. तसं असेल तर मला घर तपासावं लागेल. आत्ताच तपासतो. ती मागची खोली कसली?"

इकडे आड, तिकडे विहीर. पिल्लं दाखवली तर टॅन्सी जाणार. नाही दाखवली तर क्लिफर्ड मेटकाफ, बेचाळीस वर्षं एकही अपघात न करता बस चालवलेला माणूस, शेजारणीच्या देखत गादी ओली करणारा ठरणार. त्यानं एकदा सग्डनबाईंकडे पाहिलं, एकदा बंद दाराकडे.

"मीच तो," तो म्हणाला. "कुत्रीचा काही संबंध नाही. मीच करतो."

नेमकं त्याच क्षणी मागच्या खोलीतून पाच गळ्यांनी एकदम सूर धरला. क्लिफर्ड खोकायचंही विसरला.

"हे काय?" साहेबांनी कान टवकारले.

"नळ," सग्डनबाई म्हणाल्या. त्यांनी मान अजून वर केली नव्हती. "माझ्याकडचेही असेच रडतात. ट्रस्टला तीनदा सांगून झालं. आता आलाच आहात तर सगळ्या रांगेचे नळ बदलून टाका. खर्च बराच येईल म्हणा."

होल्रॉइडसाहेबांना नळ या विषयात एकाएकी काही रस उरला नाही. ते परत वृद्धाश्रमाकडे वळले.

"आश्रम कशाला?" बाई म्हणाल्या. "गावच्या नर्सकडे पॅड मिळतात, पलंगावर अंथरायचे. आमच्या ह्यांचं त्यावरच निभावलं. मी दर गुरुवारी आणून देत जाईन आणि बघूनही जाईन. दोरीवर रोज चादरी दिसल्या नाहीत म्हणजे झालं ना?"

साहेबांनी बराच विचार केल्यासारखं केलं आणि होकार दिला. जाताना क्लिफर्डच्या खांद्यावर थोपटून ते म्हणाले, "कबूल करायला धैर्य लागतं, मेटकाफ." क्लिफर्डला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

गुरुवारी पॅड आले. वरून मऊ, आत कापूस, खाली प्लास्टिक. क्लिफर्डनं त्यातला एक उलटसुलट करून पाहिला, दार लावून घेतलं आणि पेटीत अंथरला. पिल्लं घसरली नाहीत. नखं अडकली नाहीत. टॅन्सीनं उकरलं नाही, उलट गोल फिरून सुस्कारा टाकून झोपली. तासाभरानं क्लिफर्डनं तळवा टेकवून पाहिलं. वरून कोरडं ठणठणीत! अब्रू गेली ती गेली, पण अंथरूण असं मिळालं की राणीच्या कुत्र्यांनाही मिळत नसेल.

दोरी सुनी झाली. सगळ्या रांगेला हायसं वाटलं. मिस पिकल्सनं येऊन अभिनंदन केलं, ते त्यानं दात आवळून स्वीकारलं. हळूहळू केक बंद झाले, जवाचं पाणी बंद झालं. माणूस बरा झाल्यावर कोण कशाला येतं? गुरुवारी सग्डनबाई मात्र यायच्या. पॅडचा गठ्ठा टेबलावर ठेवायच्या, चहा घ्यायच्या, आणि मागच्या खोलीच्या दाराला पाठ करून बसायच्या. कधीकधी ताटलीत उरलेलं मटण ठेवून जायच्या. एका माणसाच्या मानानं ते बरंच जास्त असायचं. पिल्लं मोठी झाली आणि पॅड फाडून खोलीभर कापूस उडवायला लागली, तेव्हा गठ्ठाही न मागता मोठा झाला.

आठ आठवडे भरले तशी डिन्सडेलनं टोपली आणली. त्याच्या कुत्र्याची पिल्लं म्हटल्यावर डोंगरावरचे शेतकरी वाटच बघत होते. जाताना सगळ्यात लहान पिल्लू टोपलीतून मान काढून क्लिफर्डकडे बघत राहिलं, आणि क्लिफर्डनं कुंपणाची फळी तपासायचं निमित्त करून पाठ फिरवली. टॅन्सी दोन दिवस खोल्याखोल्यांतून हुंगत फिरली. तोही तिच्या मागोमाग फिरला. पेटी मोडायला घेतली आणि तशीच ठेवली.

गुरुवारी दार वाजलं. सग्डनबाईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि नेहमीच्या खुर्चीवर बसल्या. टॅन्सी येऊन त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून राहिली. बाईंनी तिचं डोकं कुरवाळलं.

"फार शांत झालंय हो घर," त्या टॅन्सीला म्हणाल्या.

क्लिफर्डनं चमकून पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"आणि तुमचा तो त्रास, मिस्टर मेटकाफ? आता थांबला असेल नाही?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. ते दिलं की अब्रू परत मिळणार होती. पॅडही बंद होणार होते आणि गुरुवारही. क्लिफर्डनं चहाची किटली उचलली, परत खाली ठेवली.

"नाही," तो म्हणाला. "उलट जरा वाढलाच आहे."

"अरे देवा," सग्डनबाई म्हणाल्या. काळजीचा मागमूसही त्या आवाजात नव्हता. "मग आठवड्यातून दोनदा यावं लागणार. सोमवारी चालेल?"

"सोमवार चालेल. सोमवारी माझ्याकडे कोणी नसतं."

"माझ्याकडेही कोणी नसतं," सग्डनबाई म्हणाल्या आणि साखरेचं भांडं पुढे ओढलं.