माणसांनी सेवन करू नये

निसर्गाने जे जे निर्माण केले ते माणसाच्या भल्यासाठीच, अशी आमच्या कंपनीची श्रद्धा आहे. म्हणूनच आम्ही ते निसर्गातून काढून बाटलीत भरतो. मुळे, साली, बिया यांतली द्रव्ये वेगळी करून प्रयोगशाळांना पुरवणे हा आमचा व्यवसाय. शुद्धता अठ्ठ्याण्णव टक्के. (उरलेले दोन टक्के काय असते, असे विचारणाऱ्या उमेदवाराला आमच्याकडे नोकरी मिळत नाही.)

प्रत्येक बाटलीवर ‘केवळ संशोधनासाठी. माणसांनी सेवन करू नये’ असे ठळक छापलेले असते. हा मजकूर प्रस्तुत लेखकाचा. माझे एवढेच लेखन आजवर छापून आले आहे.

मध्यंतरी एका मुळातल्या द्रव्याने उंदरांना केस फुटल्याची बातमी आली. उंदरांना मुळात केस असतातच, ही शंका शास्त्रज्ञांनी भरलेल्या आमच्या कचेरीत कोणालाही आली नाही. हिशेबनीस, ड्रायव्हर आणि खुद्द साहेब गोदामात उगाच फेऱ्या मारू लागले. मी त्यांना पोटभर हसलो आणि गर्दी ओसरल्यावर एक बाटली खिशात घातली.

मात्रा उंदराच्या वजनावरून त्रैराशिकाने काढली असल्यामुळे तिला शास्त्रीय आधार होता. रोज सकाळी चिमूटभर, कोमट पाण्यातून.

“अहो, यावर घेऊ नका असं लिहिलंय,” बायको म्हणाली.

“ते मीच लिहिलंय.”

“मग निदान तुम्ही तरी ऐका!”

यथावकाश माझे डोळे पिवळे झाले. डॉक्टर तपासता तपासता गंभीर झाले.

“यकृत चांगलंच सुजलंय. काय घेत होता?”

“केसांसाठी एका मुळाचा अर्क. नैसर्गिकच होतं.”

“धोतराही नैसर्गिकच असतो! आणखी थोडे दिवस घेतलं असतं, तर जिवानिशी गेला असता.”

माझी पाचावर धारण बसली. बायकोने माझा हात घट्ट धरला होता. तो सुटू नये, एवढेच मला वाटत होते. डॉक्टरांनी तिला औषधे आणायला पाठवले, दार लावून घेतले आणि स्वतःच्या टकलावरून हात फिरवत हळूच विचारले, “बरं, काही उगवलं का?”

वाचकहो, तुम्हीही माझ्या यकृताच्या काळजीने इथवर आला नाहीत, हे मी जाणून आहे. तर, उगवले, पण कानांत. आणि हे वाचूनही ‘मात्रा जरा कमी ठेवली असती तर?’ असे तुमच्या मनात आलेच.