हिल्डाबाईंचा निरोप आणि तीनशे बारा सेवा

कुठलीही संस्था लहान असते तेव्हा आपोआप चालते. मोठी झाली की ती चालवायला माणसं ठेवावी लागतात. माणसं ठेवली की ती काम मागतात आणि त्यांना काम दिलं की संस्था आणखी मोठी होते. पोर्चलाइट या आमच्या संकेतस्थळाची भरभराट याच थोर नियमाने झाली. मी तिथे अकरा वर्षं बिघाडांचे अहवाल लिहितो आहे, त्यामुळे भरभराट मी अगदी जवळून पाहिली आहे.

सुरुवातीला सनीवेलमधल्या एका गॅरेजात, कपडे वाळवायच्या यंत्राला खेटून, एकच संगणक होता. त्यावर एकच प्रोग्राम. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला सेकंदाच्या आत दिसायचं. ही परिस्थिती अर्थातच फार दिवस चालू देणं परवडण्यासारखं नव्हतं. वापरणारी माणसं दहा हजार झाली तेव्हा दुसरा संगणक आला आणि खरी माहिती कोणाकडे, यावरून दोघांत मतभेद सुरू झाले. दहा लाख झाली तेव्हा मूळ माहितीला दर वेळी त्रास नको म्हणून तिच्या नकला काढून ठेवल्या. (नक्कल शिळी असते, पण पटकन मिळते. लोकांना तेवढंच हवं असतं, असं पाहणीत आढळलं.) चार कोटी झाली तेव्हा निरोपांना रांगेत उभं केलं. तीस कोटींवर प्रोग्रामचेच तुकडे पाडले. आज ते तीनशे बारा आहेत आणि त्यांना सेवा म्हणतात. प्रत्येक सेवेला एक टीम, एक प्रमुख, एक छापील टी-शर्ट आणि बाकीच्या तीनशे अकरांबद्दल तक्रार असते. 'वाढदिवस' आणि 'वाढदिवसाची आठवण' या सेवा वेगवेगळ्या इमारतींत बसतात आणि एकमेकींशी फक्त लेखी बोलतात.

रांगेची सेवा लॉर्ना पाशेकोकडे होती. रांगेला अक्कल दिली ती तिनेच. ज्याच्या निरोपांना उत्तरं येतात त्याचा निरोप पुढे, बाकीच्यांचे सवडीने. त्याबद्दल कंपनीने तिला काचेचा त्रिकोण दिला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

लॉर्नाची आई हिल्डाबाई मॉडेस्टोला एकट्या राहतात. लॉर्ना दिवसभर बैठकांत आणि फोन बंद. तिनेच आईला बजावून ठेवलं होतं, "आई, सारखा फोन नको करत जाऊस गं. पोर्चलाइटवर टाक. मीच बनवलंय ते, मला लगेच दिसेल."

मार्चमधल्या एका सोमवारी हिल्डाबाईंनी टाकलं: "गुरुवारी नऊला डोळ्याचं ऑपरेशन. घरी न्यायला माणूस असल्याशिवाय करत नाहीत. लॉर्ना, येशील ना?"

लॉर्नाला ते पुढच्या सोमवारी दिसलं, कँटीनमध्ये, माझ्यासमोर बरिटो खाताना. त्याच्या वर कुणाच्या तरी नव्या सोफ्याचे चौदा फोटो होते. तिने तिथूनच फोन लावला.

"आई, अगं फोन का नाही केलास?"

"वा! तूच म्हणालीस ना, करू नकोस?" हिल्डाबाई फोनवर मोठ्यानेच बोलतात, मला सगळं ऐकू येत होतं. "गेले मी टॅक्सीने. दोन तास बसले. नर्स विचारते, कोणीच नाही का तुमचं? म्हटलं, आहे की. मुलगी आहे, कॉम्प्युटरात मोठी आहे."

"मग?"

"मग काय, दिलं परत पाठवून. आता जुलैची तारीख दिलीय. तोवर डावा डोळा आहे की चालवून घ्यायला. तू जेवलीस का?"

लॉर्ना भर कँटीनमध्ये रडली. मला फार वाईट वाटलं. मी बिघाडाचा अर्ज उघडला, कारण मला तेवढंच येतं.

बिघाड झाला की आमच्याकडे 'निर्दोष बैठक' भरते. तिचा पहिला नियम, कोणालाही दोष द्यायचा नाही. दुसरा नियम, पाच वेळा 'का' असं विचारायचं. (सहाव्यांदा विचारल्यास दोषी सापडण्याचा धोका असतो.) अध्यक्षस्थानी किप सोरेन्सन होता. इतिवृत्त मी लिहिलं, ते असं:

निरोप उशिरा का पोचला? रांगेत मागे होता.

मागे का होता? त्याचं महत्त्व शून्य पूर्णांक शून्य चार होतं.

इतकं कमी का? दहा महिन्यांत त्या ग्राहकाच्या एकाही निरोपाला उत्तर आलेलं नाही.

एकालाही का नाही? त्यांच्या यादीतलं एकच माणूस रोज इथे येतं.

ते माणूस उत्तर का देत नाही?

इथे लॉर्नाने हात वर केला.

"ते माणूस मी आहे," लॉर्ना म्हणाली.

"लॉर्ना, इथे नावं घ्यायची नसतात," किप मायेने म्हणाला. "'एक ग्राहक' असं म्हण."

"अरे किप, माझी आई आहे ती!"

"तेही नको. 'दुसरा ग्राहक'."

मूळ कारण ठरलं: ग्राहकाचं वर्तन. उपाय ठरला: तीनशे तेरावी सेवा. तिने आई ओळखायची आणि तिचा निरोप सगळ्यांच्या वर ठेवायचा. लॉर्नाने ती सहा आठवड्यांत, जेवणखाण विसरून उभी केली. दहा लाख लोकांवर चाचणी घेतली. आयांचे निरोप पूर्वीपेक्षा दोन दिवस उशिरा पोचू लागले.

सगळ्यांनी मिळून चूक शोधली. चूक नव्हती. कुठला निरोप वर ठेवायचा हे सेवा लोकांकडे बघून शिकते, आणि शंभरातल्या एकाहत्तर लोकांनी आईचा निरोप दोन सेकंदांच्या आत, न वाचताच, अंगठ्याने पुढे ढकलला होता.

लॉर्नाने राजीनामा दिला, मॉडेस्टोला गेली आणि जुलैत आईला स्वतःच्या गाडीतून इस्पितळात नेऊन आणलं. (ही दुरुस्ती परिणामकारक असली तरी उरलेल्या तीस कोटींसाठी राबवता येण्यासारखी नाही, असा शेरा किपने मारला.)

तेव्हा तुमच्या आईचा निरोप तुम्हाला वेळेत दिसला नाही, तर कृपया आमच्याकडे तक्रार करू नये. आमच्या यंत्रणेला स्वतःची अक्कल नाही. जे काही आलं ते तुमच्या अंगठ्याकडून आलं. आणि कोणालाही दोष द्यायचा नाही हा नियम फक्त आमच्या कर्मचाऱ्यांना लागू आहे.