बसप्पामामांच्या घरातली विद्यापीठं

आमच्या शेजारचे बसप्पामामा अंगात ताप असला तरी डॉक्टरांना आधी जीभ दाखवत नसत. आधी ते भिंतीवरचं पदवीचं प्रमाणपत्र वाचत, चष्मा पुसून, थेट खालच्या शिक्क्यापर्यंत. विद्यापीठ पसंत पडलं तरच स्टुलावर बसत. एका तरुण डॉक्टरला ते म्हणाले होते, "पुण्याचे ना तुम्ही? मग मारा सुई. औरंगाबादचे असता तर गोळीवर भागवलं असतं."

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, कॉलेज कुठलं निवडलं यानं पुढे खरंच काही फरक पडतो का? मी इतकी वर्षं लातूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तरी याचं उत्तर मला फोनवर देता आलं नाही. म्हणून मामांबद्दल लिहिते.

मामा मूळचे उदगीरकडचे. रसायनशास्त्राचे पदवीधर, तेही पहिल्या वर्गातले, आणि नोकरी आडतीवर मुनीमाची. तुरीची मूठ तळहातावर पसरली की मालाची प्रत सांगत. तीच सवय माणसांना लावलेली. "हे पोरगं पुण्याचा माल हाय," असं ते बापाच्या तोंडावर सांगत. माझं शिक्षण हैदराबादचं, हे कळल्यापासून मला पाहिलं की ते उठून उभे राहायचे. भाजीच्या गाड्यापाशीसुद्धा. मग भाजीवालाही उभा राहायचा, काही न कळता.

भूकंपाच्या वर्षी मामी माहेरी, औशाकडच्या गावात गेल्या होत्या. त्या परतल्या नाहीत. घरात उरले मामा आणि त्यांची लहानगी लेक गिरिजा. मामांनी स्लॅबचं घर सोडलं आणि मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या खोल्या बांधल्या. "डोक्यावर पत्रा बरा, बाई. पडला तर टेंगूळ येतं, तेवढंच." दोघं तिथंच राहू लागले.

पुढे लातुरात क्लासेसची लाट आली. धर्माबादपासून निलंग्यापर्यंतची मुलं पेट्या घेऊन उतरू लागली आणि मामांच्या खोल्या भरल्या. प्रत्येक दारावर त्यांनी खडूनं नाव लिहिलं. खिडकी आणि लिंबाची सावली होती ती खोली मुंबई. तिच्या शेजारी पुणे. पश्चिमेचं ऊन खाणारी औरंगाबाद. पाण्याच्या मोटारीला चिकटलेली नांदेड. दर रविवारी क्लासच्या चाचणीचे मार्क पाहून मुलांनी वळकट्या उचलायच्या आणि त्या मार्कांना साजेशा गावी जायचं. पंखा मात्र कुठेच नव्हता. "पंख्याखाली अभ्यास झोपतो," हे मामांचं ठाम मत.

एकदा नायगावचे एक गृहस्थ मुलाला भेटायला आले. मामा ओट्यावर बसले होते, मीही तिथंच होते.

"आमचा संतोष कुठं हाय?"

"मागच्या आठवड्यात पुण्याला होता. परवा औरंगाबादला धाडला. असंच चाललं तर रविवारी नांदेड."

ते गृहस्थ मटकन खालीच बसले. "अहो, मी त्याला लातूरला ठिवलंय! न सांगता पोरगं गावोगाव फिरून राहिलंय का?"

त्यांना पाणी देऊन, हाताला धरून मीच खोल्या दाखवल्या.

गिरिजालाही सूट नव्हती. दहावीच्या वर्षी ती बरेच दिवस मोटारीशेजारी होती. बारावीला तिनं मुंबई जिंकली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. इंजिनिअरिंगला तिला दोन्हीकडे प्रवेश मिळत होता, खऱ्या मुंबईत आणि खऱ्या नांदेडला. मामा पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्याकडे आले. मागोमाग गिरिजा.

"अप्पा, मी नांदेड घेणार."

मामांच्या हातातला पेढा हातातच राहिला. "डोस्कं फिरलं का तुझं?"

"दर शनिवारी घरी येता येतं. तुमच्या भाकरीचं कोण बघणार?"

"मेसवाली बघंल. माझी फिकीर तू करू नको."

"नांदेडला शिकलेले काय उपाशी मरून राहिलेत? बाईंना इचारा."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी जे मला खरं वाटतं तेच सांगितलं. हुशार मूल कुठेही शिकतं. पहिली नोकरी आणि पुढच्या शिक्षणाचा पहिला दरवाजा, तिथं कॉलेजचं नाव विचारतात. नंतर फारसं कोणी विचारत नाही.

"ऐकलं? पहिला दरवाजा!" मामा म्हणाले.

"नंतर कोणी इचारत न्हाई, ते बी ऐका की," गिरिजा म्हणाली.

मामांनी पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. "गिरिजे, तुझ्या जन्माआधी मी बी मुंबईला गेलतो. औषधाच्या कंपनीत मुलाखत होती. समोर तीन साहेब. पहिला म्हणला, हे कॉलेज कुठं आलं? म्हणलं, उदगीरला. दुसरा म्हणला, उदगीर कुठं आलं? म्हणलं, लातूरजवळ. तिसरा म्हणला, लातूर कुठं आलं? बाई, माझी सगळी मुलाखत भूगोलात गेली. रसायनाचा एक सवाल इचारला न्हाई. मी लई तयारी करून गेलतो."

मी हसले. गिरिजाही हसली. मग आमच्या लक्षात आलं की मामा हसत नाहीयेत. गिरिजानं बॉक्समधला तोच पेढा उचलला आणि त्यांच्या तोंडात घातला.

ती मुंबईला गेली. मामा तिला पोचवून आले आणि गल्लीत सांगत सुटले की तिथं वसतिगृहाच्या खोलीत पंखा आहे आणि तरी मुली अभ्यास करतात. शेवटच्या वर्षाला कॉलेजातच मुलाखती झाल्या. गिरिजाला पहिलाच प्रश्न विषयातला आला, पुलाच्या तुळईचा. मामांनी तो फोनवर पाठ करून घेतला आणि आठवडाभर दूधवाल्यापासून सगळ्यांना म्हणून दाखवला. उत्तर कोणी विचारलं तर म्हणत, "उत्तर तिला येतं. सवाल इचारला, हे ऐका!"

हे सगळं तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पण मला आठवते ती वेगळीच गोष्ट.

गिरिजा गेली त्याच्या पुढच्या जूनमध्ये मी त्यांच्याकडे गेले होते. देगलूरचं एक कुटुंब खोली पाहत होतं. त्यांच्यातल्या बाईंना लिंबाखालची, खिडकीची खोली आवडली. "ही तर रिकामीच दिसून राहिली, मामा."

"ती भरली."

मी दाराकडे पाहिलं. मुंबई पुसून तिथं नवीन खडूनं लिहिलं होतं, लातूर.

"इथं एकच जागा हाय," मामा त्यांना म्हणाले. "पोरगी दिवाळीला येणार हाय."

आत कोणी नव्हतं. गादी घडी करून ठेवलेली होती आणि पत्र्याखालच्या वाशाला टांगलेला नवा पंखा गरगर फिरत होता.