सरवरची पोच

मथुराबाईंच्या लॅपटॉपमध्ये चारशे बारा चिठ्ठ्या होत्या आणि त्यातली एकच अपुरी होती.

त्यांची नात श्रावस्ती पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. गेल्या उन्हाळ्यात बेंबळीला आली तेव्हा तिनं आजीला एक खासगी विकी मांडून दिली. विकी म्हणजे अशी वही, की जिची पानं एकमेकींची ओळख ठेवतात. 'शाळा' या शब्दावर बोट ठेवलं की शाळेमागची चिंच यायची, चिंचेवर बोट ठेवलं की तिच्यावरून पडलेली शिवकन्या, आणि शिवकन्येवरून तिच्या मोडक्या हाताला पट्टी बांधणारे गुरुजी. तीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं भरलेल्या मथुराबाईंना हे काम फार मानवलं. सकाळचा चहा झाला की त्या चष्मा पुसून 'दप्तराला' बसत.

अपुरी चिठ्ठी होती इरम्माची. तिच्यावर एवढंच होतं: 'सातवीपर्यंत एका तरटावर बसलो. माझी पाटी फुटली तेव्हा तिनं स्वतःच्या पाटीवर मधोमध रेघ मारली आणि अर्धी पाटी मला दिली. लग्न मुरूमकडं झालं. पुढं?' त्या प्रश्नचिन्हाला पंचावन्न वर्षं झाली होती.

म्हणून श्रावस्तीनं विकीतच वर्गमैत्रिणींच्या मेळाव्यासाठी एक फॉर्म बसवला. ज्या भेटतील त्या भरतील, भरलेलं सगळं सर्व्हरवर गोळा होईल, आणि त्यातल्या एखादीला तरी इरम्माचा ठावठिकाणा माहीत असेल.

"आजी, आधी तूच काहीतरी खोटंनाटं भर आणि 'पाठवा' दाब. सर्व्हरला पोचतंय का ते बघू," श्रावस्ती फोनवर म्हणाली.

"खोटं? अगं, म्या जन्मात कागदावर खोटं लिवलं न्हाय."

"चाचणी आहे गं. तुला हसू येईल असं काहीही लिही."

मथुराबाईंनी जरा विचार केला आणि गालातल्या गालात हसत लिहायला घेतलं. कार्यक्रम: लग्न. नाव: मथुरा. सोबत कोण: तात्याराव. तारीख: येता रविवार. ठिकाण: आमच्या दारात. माणसं: पाचशे. शेऱ्याच्या रकान्यात मात्र त्यांचा हात खोटं लिहीना. तिथं त्यांनी लिहिलं: 'मुरूमची इरम्मा आलीच पाहिजे. ती आल्याशिवाय पान वाढू नये.'

त्यांनी 'पाठवा' दाबलं. चाक फिरलं, फिरलं आणि लाल अक्षरं उमटली: 'सर्व्हरला पोचलं नाही. पुन्हा प्रयत्न करा.' तीनदा प्रयत्न करून त्या वैतागल्या आणि लॅपटॉप तसाच उघडा टाकून भाकरी थापायला गेल्या.

तेवढ्यात तात्याराव तिथं आले. तात्याराव म्हणजे मथुराबाईंचे यजमान, निवृत्त पोस्टमन. सायकलवरून चौतीस वर्षं टपाल वाटलं, आणि एकही पत्र 'पोचलं नाही' म्हणून परत नेलं नाही, ही त्यांच्या आयुष्याची कमाई. एका पत्रासाठी तर ते पुरातून म्हशीच्या पाठीवर बसून गेले होते. त्यांच्या स्वतःच्या घरात, लाल अक्षरांत, एकाखाली एक तीनदा, 'पोचलं नाही'?

त्यांनी पुन्हा वाचलं. 'सर्व्हर'. हल्लीच्या पोरांचं शुद्धलेखन हे असं, सरवरचा पार सर्व्हर करून टाकला! सरवरभाई मंडपवाला तर तीन गल्ल्या पलीकडंच राहत होता.

तात्यारावांनी कागद घेतला आणि फॉर्म जसाच्या तसा उतरवला. टपालातला मजकूर वाचायचा नाही हा त्यांचा जुना नेम. नक्कल करतानाही तो त्यांनी इतका पाळला, की नवरदेवाच्या जागी आपलंच नाव लिहिताना त्यांचा हात थबकला नाही. मग टोपी घालून ते निघाले, सरवरभाईच्या हातात कागद दिला, आणि दुसऱ्या चिठोऱ्यावर 'मिळाले' अशी सही घेऊन परत आले. घरी कुणाला काही बोलले नाहीत. पोस्टमननं टपाल पोचवलं, यात सांगण्यासारखं काय?

शुक्रवारी सकाळी मथुराबाईंनी दार उघडलं तर अंगणात खांब रोवणं चाललं होतं. रस्त्यावर खुर्च्यांनी भरलेला टेम्पो उभा होता.

"आरं, घर चुकलं तुमचं!"

"न्हाय बाई," सरवरभाई झालर उलगडत म्हणाला. "घर बरुब्बर हाय. पाचशे मानसं, रईवार, तुमचंच दार. मुबारक बरं का!"

"कसलं मुबारक?"

शेजारच्या कमलबाई कंपाउंडवरून वाकल्या. त्या सकाळपासून याच क्षणाची वाट बघत असाव्यात. "आवं बाई, आमास्नी तरी सांगायचं! ढोकीवरनं माझ्या लेकीचा फोन आला, म्हणं तात्यांचं लगीन हाय."

"कुणाशी?"

"तुमच्याशीच म्हणं. म्हणून तर आमी गप बसलो. दुसरीशी आसतं तर कालच आलो आसतो."

सरवरभाईनं खिशातून कागद काढून दाखवला. तात्यारावांचं वळणदार अक्षर, खाली-वर सगळे रकाने. मथुराबाई वाचत गेल्या तशा लाल होत गेल्या.

"आवं!" त्यांनी घराकडं तोंड करून हाक मारली. "ह्ये सरवरभाईला कुणी दिलं?"

तात्याराव दाढीचा साबण गालावर ठेवूनच बाहेर आले. "म्या दिलं. तुमचं तीनदा पोचलं न्हाय. माझं एका फेरीत पोचलं."

"आवं, त्यो सर्व्हर न्हाय, त्यो येगळा! त्यो कॉम्प्युटरातला!"

"मग तसं नीट लिवायचं. आन ह्यात लगीन कुणाचं हाय?"

"तुमचं!"

तात्यारावांनी कागद हातात घेतला आणि पहिल्यांदाच वाचला. गालावरचा साबण सुकत चालला. मग ते मांडवाकडं बघत हळूच म्हणाले, "पयल्या लग्नात आपल्याला मांडव कुठं व्हता? लिंबाच्या झाडाखाली बुद्धवंदना झाली, आन गुळाचा च्या."

मथुराबाईंना ते झाड, तो चहा आणि कपबशा कमी पडल्या म्हणून तांब्यातून चहा पिणारे मामा, सगळं एकदम आठवलं. पण कमलबाई बघत होत्या. "सरवरभाई, चूक झाली. काढा समदं. गाव हसंल."

"काढतो की," सरवरभाई म्हणाला. "त्यात काय मोठं. पण मग त्या इरम्माला काय सांगू?"

मथुराबाई झपकन पुढं झाल्या.

"कुठल्या इरम्माला?"

"शेऱ्यातल्या. माझी भन मुरूमलाच दिल्याली हाय. तिला फोन लावला. तिच्या मागच्याच गल्लीत निघाली की बाई तुमची इरम्मा! लई हसली. रईवारी येते म्हनली."

"तुमची भन किती सालापास्नं हाय तिथं?"

"झाली की चाळीस वर्सं."

"चाळीस वर्सं! मग मला कधी बोलला का न्हाय?"

"तुमी कधी इचारलंच न्हाय."

मथुराबाईंनी पदरानं चष्मा पुसला. मग आवाज चढवून म्हणाल्या, "बघत काय बसलाव? एक खांब बी हलवायचा न्हाय! खुर्च्या तेवढ्या चाळीस ठिवा."

रविवारी गावातल्या सगळ्या वर्गमैत्रिणी आल्या. शिवकन्या तोच हात मिरवत आली. अकराच्या सुमाराला दारात जीप थांबली आणि इरकली नऊवारीतली, काठी टेकणारी एक उंच म्हातारी खाली उतरली. तिनं मांडव पाहिला, तोरण पाहिलं, आणि कपाळाला हात लावला.

"यव्वा! मथुरे, ह्या वयात लगीन करायलीस काय गं? आन ह्याच म्हाताऱ्याशी?"

"दुसरा मिळंना," मथुराबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिला कवटाळलं.

इरम्मानं पिशवीतून नवरदेवासाठी टोपी आणि नवरीसाठी खण काढला. तिसरी वस्तू फडक्यात गुंडाळलेली होती. नवी कोरी पाटी, मधोमध खडूची रेघ. "अर्धी तुझी," ती म्हणाली. "आजून हिशेब न्हाय मोडल्याला म्या."

पानं वाढली गेली. त्या गडबडीत श्रावस्तीचा फोन आला. मथुराबाईंचे हात पुरणानं भरले होते, म्हणून तात्यारावांनी स्पीकर लावला.

"आजी, सॉरी गं, आत्ता तपासलं. तुझी चाचणी सर्व्हरला पोचलीच नाही. पोच आली का बघत होते."

"पोच हाय की," तात्यारावांनी खिशातून चिठोरा काढून फोनसमोर धरला. "सहीनिशी."

"कसली सही? आजोबा, तो सर्व्हर बुधवारपासून डाऊन आहे!"

मांडवाच्या टोकाला, शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून सरवरभाई सुटलेली माळ बांधत होता. त्यानं तिथूनच ओरडून सांगितलं,

"डाऊन कुठला बेटा? सक्काळधरनं वरच हाय म्या!"