कराराचे लोकार्पण

ज्ञान सर्वांना फुकट मिळाले पाहिजे, याविषयी आता कुठल्याही सुसंस्कृत समाजात दुमत राहिलेले नाही. ते फुकट करण्याचा खर्च कोणी सोसावा, एवढाच किरकोळ मुद्दा शिल्लक होता. तोही आता सुटला आहे. पूर्वी आमचे प्राध्यापक शोधनिबंध लिहीत, परदेशी प्रकाशक ते छापत आणि आमचे महाविद्यालय पैसे भरून आपल्याच प्राध्यापकांचे लेखन वाचत असे. ही पद्धत अन्यायाची होती. नव्या ‘मुक्त प्रवेश करारा’नुसार महाविद्यालय पैसे आधीच भरते आणि निबंध साऱ्या जगाला फुकट वाचायला मिळतो. (पैसे त्याच प्रकाशकाला जातात, त्यामुळे लेखा विभागाची काहीच धावपळ झाली नाही.)

मी नांदेडच्या या महाविद्यालयातून निवृत्त झालेला ग्रंथपाल. करार मी शेवटपर्यंत वाचला म्हणून प्राचार्य शेषेराव सरांनी मला करार समितीवर घेतले. तो मला समजला, असे मी कधीच म्हटलेले नाही. पुढे सांगतो त्यातही माझी चूक होत असेल.

करार बऱ्याच महाविद्यालयांनी मिळून केला होता. आमच्या वाट्याला वर्षाला एक निबंध आला आणि पहिला मान रसायनशास्त्राच्या लुंबिनी मॅडमना मिळाला. त्या तासिका तत्त्वावर शिकवतात (म्हणजे उन्हाळ्यात त्या प्राध्यापक नसतात). लोहा तालुक्यातल्या त्यांच्या गावात बोअरच्या पाण्यात फ्लोराईड किती आहे आणि त्याने मुलांच्या दातांचे व हाडांचे काय होते, हा त्यांचा विषय. परदेशी नियतकालिकाने निबंध स्वीकारला. पाणीपुरवठ्याचे अभियंता बसवंत साहेब त्यांना म्हणाले होते, “छापून आलेलं दाखवा मॅडम, धरणाच्या पाण्याच्या योजनेत तुमचं गाव घालतो. पण पैसे भरून वाचायचं असलं काही आणू नका. आमच्याकडं तशी तरतूद नाही.” योजनेची यादी वर्षअखेरीस बंद होणार होती.

आता महाविद्यालयाने संगणकावर ‘होकार’ या शब्दावर एक टिचकी मारली की झाले, निबंध साऱ्यांना खुला.

पण लोकार्पण झाल्याशिवाय आमच्या संस्थेत कोणतीही वस्तू वापरली जात नाही. मुलींच्या विश्रांतिकेच्या दाराला फीत बांधलेली आहे. (मध्यंतरी ती उन्हाने विरली, तेव्हा तातडीने दुसरी बांधण्यात आली. कामात हयगय होत नाही.) जिन्याखाली पाण्याचा थंडगार कूलर प्लास्टिकसकट उभा आहे आणि मुले शिस्तीने त्याच्या शेजारच्या नळाचे कोमट पाणी पितात. करार तर कूलरहून मोठी गोष्ट. त्याचे लोकार्पण संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब यांच्या हस्ते करावे, असा ठराव एकमताने झाला. मीही हात वर केला. खाली ठेवायला मला संकोच वाटला.

त्यानंतर तारखा ठरत गेल्या. एका तारखेला आचारसंहिता लागली. पुढची तिथी लग्नांची निघाली आणि आप्पासाहेबांना एका दिवसात अकरा ठिकाणी अक्षता टाकायच्या होत्या. मग त्यांचा गुडघा दुखावला. गुडघ्याचा टिचकीशी संबंध काय, असे मला वाटून गेले. पण मला वैद्यकातले काही कळत नाही.

दिवाळीनंतर लुंबिनी मॅडमच्या चुलती नागुबाई गावाहून थेट प्राचार्यांच्या खोलीत आल्या. सोबत मॅडम होत्या.

“सर, आमच्या पोरीचं ते कागूद कवा उघडणार हाय?”

“बाई, बसा. साहेबांची तारीख मागून राहिलो.”

“बटन दाबायला सायेब कामून पायजे? माझ्या नातवाचे दात बगा, हळद लावल्यावानी झालेत. इथं हाय बटन? मीच दाबते.”

“बटन कुणीबी दाबंल बाई,” शेषेराव सर समजुतीने म्हणाले, “पण फोटो कुणाचा काढायचा?”

“माझा काडा की! लई दिस झाले, कुणी काडला न्हाई.”

सर हसले. नागुबाई हसल्या नाहीत.

अखेर डिसेंबर सरता सरता सोहळा झाला. मंडप, रांगोळी, आणि संगणकाच्या माऊसला झेंडूचा हार. सहा भाषणे झाली. ज्ञानाचे दरवाजे कसे उघडे असावेत, हे सांगताना एका वक्त्यांनी दोनदा डोळे पुसले. (मंडपाचा दरवाजा वारा येऊ नये म्हणून बंद ठेवला होता.) आप्पासाहेबांनी टाळ्यांच्या कडकडाटात टिचकी मारली. फोटो निघाला. मग पडद्यावर इंग्रजी मजकूर उमटला. तो मलाच वाचायला सांगण्यात आला.

ज्यांनी आपला वाटा वेळेत वापरला नाही, त्यांचा वाटा दुसऱ्यांना दिला आहे, असे त्यात लिहिले होते. आमचा वाटा लातूरच्या एका महाविद्यालयाने वापरला होता. त्यांनी करार फीतसुद्धा न बांधता वापरायला काढल्याचे समजते. तिकडची संस्कृती निराळी आहे. मॅडमचा निबंध कुलपात छापून आला. तो वाचायला पैसे पडतात.

“बरं, पुढच्या वर्षी,” आप्पासाहेब म्हणाले. योजनेची यादी त्याच आठवड्यात गावाविना बंद झाली.

तरीही आमची संस्था पाषाणहृदयी नाही. समितीने सहानुभूतीने विचार करून जिन्याखालचा कूलर त्या गावाला भेट देण्याचे ठरवले. “सर, कूलरनं पाणी गार होतं, फ्लोराईड जात नाही,” असे लुंबिनी मॅडम म्हणाल्या. त्याची नोंद घेण्यात आली. नागुबाई म्हणाल्या, “म्हंजी आता पोरांचे दात गार पाण्यानं पिवळे व्हणार.” त्याची नोंद घेण्यात आली नाही.

कूलर गावच्या शाळेच्या ओसरीत पोहोचला आहे, अर्थात प्लास्टिकसकट. लोकार्पणाची तारीख कळवू. पत्रिका तारखेची जागा कोरी ठेवून छापून झाल्या आहेत आणि त्यांत नाव राहून गेल्याची तक्रार करणारे फोन मला रोज येतात. मॅडमनी आपल्या निबंधाच्या मूळ हस्तलिखिताच्या प्रती काढून माझ्याकडे ठेवल्या आहेत. मागेल त्याला त्या फुकट द्यायच्या आहेत. अजून कोणी एकही मागितलेली नाही.

वाचकहो, आपले नाव पत्रिकेत दुसऱ्या पानावर, उजवीकडे आहे. आपण तेवढेच विचाराल, असे वाटले म्हणून आधीच सांगितले. चूकभूल द्यावी घ्यावी.